लॉगबुकातलं ‘नेहमीप्रमाणे’: गंभीर आजारी सहकाऱ्याचं काम हाती घेताना

पंधरा-वीस वर्षं एकाच माणसाने सांभाळलेली प्रयोगशाळा त्याच्या आजारपणामुळे एका दिवसात दुसऱ्याच्या हाती येते. किल्ल्या मिळतात, लॉगबुक मिळतं आणि पान उघडलं की दिसतं: ‘कॉलम नेहमीप्रमाणे धुतला. नमुने नेहमीप्रमाणे तयार केले. निकाल ठीक.’ लिहिणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ पाठ होता, म्हणून त्याने तो लिहिला नाही. आता तो अर्थ तुम्हाला शोधायचा आहे, तोही आजारी माणसाला कमीत कमी दमवून. आणि काम असं सांभाळायचं आहे की सहकारी परत आले तर त्यांना आपली प्रयोगशाळा ओळखू यावी. खाली सांगितलेला क्रम या दोन गोष्टी धरूनच लावला आहे.

पहिले दोन दिवस: आपोआप बिघडणाऱ्या गोष्टी

पहिल्या दिवशी एकही प्रयोग करू नका. कागद-पेन घेऊन खोलीत फिरा आणि प्रत्येक यंत्र, टाकी, फ्रीझर, इन्क्युबेटरसमोर एकच प्रश्न विचारा: याला आठवडाभर कुणी हात लावला नाही, तर काय होईल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर पुढे चला. उरलेल्या गोष्टींची यादी तारखेच्या क्रमाने लावा.

बहुतेक ठिकाणी यादीच्या वरच्या टोकाला द्रव नायट्रोजन असतो. गोठवलेल्या पेशींच्या टाकीतली पातळी मोजायला लाकडी पट्टी किंवा भरीव काठी तळापर्यंत बुडवा, दहा-पंधरा सेकंद ठेवा, बाहेर काढून हवेत हलवा. जिथपर्यंत पांढरं हिम धरेल तिथपर्यंत द्रव आहे. पोकळ नळी कधीही वापरू नका, उकळता नायट्रोजन तिच्यातून वर उसळून हातावर, तोंडावर येतो. तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. दोन मोजण्यांतून रोजची घट कळते आणि टाकी कधी भरायची ते स्वतःच्या आकड्यावरून ठरवता येतं. एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो, म्हणून बंद खोलीत एकट्याने टाकी भरू नये आणि भरलेल्या टाकीबरोबर लिफ्टमध्ये माणसाने चढू नये. खोलीत ऑक्सिजनचा अलार्म असेल तर तो चालू आहे का ते आजच बघा. हे अलार्म साधारण १९.५ टक्क्यांना वाजायला लावलेले असतात.

उणे ८० अंशांच्या फ्रीझरचं एक वेगळंच दुखणं असतं. अलार्म वाजतो, पण फोन जातो आजारी माणसाला. रुग्णालयात झोपलेल्या माणसाचा मोबाईल रात्री दोन वाजता फ्रीझरसाठी वाजणं हे त्याच्यावर आणि नमुन्यांवर, दोघांवरही अन्याय आहे. सगळ्या अलार्मचे, सुरक्षारक्षकाकडच्या यादीतले आणि दारावर चिकटवलेल्या कागदावरचे नंबर पहिल्याच दिवशी बदला.

द्रव क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या) यंत्रात क्षारांचं बफर तसंच भरून राहिलं असेल तर त्यात जिवाणू वाढतात आणि पंपाच्या सीलपाशी पांढरी पूड जमते. मात्र घाईने शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल सोडू नका, क्षार आतच साका धरतील. आधी ९० भाग पाणी आणि १० भाग अ‍ॅसिटोनायट्राइल असं मिश्रण कमी वेगाने अर्धा तास सोडा, मग कॉलमच्या (ज्या नळीत घटक वेगळे होतात तिच्या) पत्रकात सांगितलेल्या साठवणीच्या द्रावात ठेवा. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात बुडलेला दिसला तर काढून ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. व्हॅक्यूम पंपाच्या खिडकीतून तेल बघा: मधासारखं स्वच्छ असेल तर राहू द्या, दुधाळ किंवा काळपट असेल तर बदलायची तारीख ठरवा. पंप बंद मात्र करू नका. मास स्पेक्ट्रोमीटरसारख्या यंत्रात पंप थांबवण्याचा एक ठरलेला क्रम असतो, तो हाती येईपर्यंत चालतंय ते चालू द्या.

संगणकाला हात लावण्याआधी

यंत्राला जोडलेला संगणक बहुधा जुना असतो आणि कित्येक महिने बंदच झालेला नसतो. तो रीस्टार्ट करू नका, त्यावर अपडेट चढवू नका. जुन्या मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असेल तर वीज जाताच संगणक तारीख आणि मांडणी विसरतो, आणि मग यंत्राचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. मागच्या बाजूला एखादं लहानसं यूएसबी डोंगल लटकत असेल तर ते परवान्याचं आहे. त्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर कुणीतरी पेन ड्राइव्ह समजून काढून नेईल.

सगळा डेटा दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा. उतरवला म्हणजे झालं असं समजू नका. मूळ फाइल आणि प्रत यांचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारे पडताळणीचे आकडे) जुळवा आणि तीन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. त्यानंतर पूर्ण हार्ड डिस्कची प्रतिमा घ्या, कारण पद्धतीच्या फाइली, कॅलिब्रेशनचे आकडे आणि सहकाऱ्याने स्वतः लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट अशा फोल्डरांत असतात जिथे तुम्ही बघणारच नाही.

पासवर्ड संस्थेच्या संगणक विभागाकडून, लेखी अर्ज करून मिळवा. सहकाऱ्याचा खासगी मेल, फोन, मेसेज हे तुमच्या कामाचं क्षेत्र नाही. संस्थेच्या मेलमध्येही कामाचे धागे शोधायचे असतील तर त्यांची परवानगी घ्या, आणि ती देण्याच्या स्थितीत ते नसतील तर तिसऱ्या माणसासमोर बघा.

‘नेहमीप्रमाणे’ उलगडणं

आता लॉगबुकाकडे या. शेवटच्या पानापासून सुरुवात करायचा मोह होतो, पण नेमकं त्याच काळात माणूस सगळ्यात कमी लिहितो. यंत्र बसवलं त्या वर्षाची पहिली वही काढा. तेव्हा प्रत्येक पायरी नवी होती, म्हणून ती सविस्तर लिहिलेली असते. तिथून पुढे येत ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. त्याच्या आधीची दोन-तीन पानं म्हणजेच त्या शब्दाचा अर्थ.

दुसरा साक्षीदार म्हणजे खरेदीची बिलं. वर्षाला पंपाच्या तेलाचे किती डबे आले, कोणत्या मापाचे ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या), कोणत्या दर्जाचं मिथेनॉल, किती फिल्टर, यावरून देखभालीचं वेळापत्रक जवळजवळ पूर्ण उभं राहतं. वहीत कुठेही नसलेली सवय बिलात सापडते. तिसरा साक्षीदार कचऱ्याचं रजिस्टर. चौथा, यंत्राच्या कंपनीचा दुरुस्तीला येणारा इंजिनियर: त्याच्याकडे जुन्या भेटींचे अहवाल असतात, आणि सहकाऱ्याने त्याला कोणत्या तक्रारी सांगितल्या होत्या हेही त्याला आठवतं. पाचवे विद्यार्थी. त्यांना ‘सर काय करायचे?’ असं विचारू नका, ‘करून दाखव’ म्हणा आणि तुम्ही लिहून घ्या.

काही शब्द दिसतात नेमके, पण नसतात. ‘रात्रभर ठेवलं’ म्हणजे १२ तास की १८? माणूस संध्याकाळी कधी जायचा आणि सकाळी कधी यायचा यावरून ते कळतं. ‘पाणी’ म्हणजे कोणत्या यंत्रातलं? आणि सगळ्यात जास्त फसवणारा आकडा सेंट्रिफ्यूजचा. वहीत ‘३००० फेरे, १० मिनिटं’ लिहिलेलं असतं, पण फेऱ्यांवरून बळ कळत नाही, ते रोटरच्या त्रिज्येवर ठरतं. गुरुत्वाच्या पटीत बळ काढायला त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, मिनिटाच्या फेऱ्यांच्या वर्गाने गुणा आणि ०.००००१११८ ने गुणा. १० सेंटिमीटर त्रिज्येला ३००० फेऱ्यांनी साधारण १००० पट बळ मिळतं, १५ सेंटिमीटरला १५०० पट. मधल्या काळात सेंट्रिफ्यूज बदललं असेल तर जुन्या वहीतला आकडा जसाच्या तसा वापरून गाळ नीट बसत नाही आणि दोष मात्र नमुन्याला दिला जातो.

आजारी माणसाला काय विचारायचं, कसं विचारायचं

इतकं शोधूनही जे उरतं, तेवढंच त्यांना विचारायचं. त्यांच्याकडे ताकद मोजकी आहे आणि ती त्यांच्या घरच्या माणसांचीही आहे.

आधी घरच्यांमार्फत विचारा: बोलायची इच्छा आहे का? नसेल तर विषय संपला, पुन्हा विचारू नका. पुष्कळ जणांना मात्र कामाबद्दल बोलणं हवं असतं. दिवसभर आजाराबद्दलच बोलून कंटाळलेल्या माणसाला कुणी व्हॉल्व्हबद्दल विचारलं की तो सावरून बसतो.

वेळ त्यांच्या उपचारांवरून ठरवा. केमोथेरपी सुरू असेल तर डोसनंतरचे काही दिवस फार थकव्याचे जातात. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, त्या काळात बाहेरच्या माणसाने भेटीला न गेलेलंच बरं. पुढच्या डोसच्या आधीचे दिवस त्या मानाने बरे असतात. पण हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी सांगायचं, तुम्ही हिशोब करून जायचं नाही. सर्दी-खोकला असेल तर फोनच करा. लक्ष न लागणं, ओळखीचा शब्द न आठवणं हेही उपचारांमुळे होतं, म्हणून उत्तर घाईने काढून घेऊ नका आणि चुकीचं वाटलं तर तोंडावर खोडू नका. प्रयोगशाळेत जाऊन पडताळा.

एका भेटीत पाच प्रश्न, २० ते ३० मिनिटं. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पहिला, कारण पाचव्यापर्यंत पोहोचाल याची खात्री नसते. प्रश्न असा हवा की उत्तर एका वाक्यात यावं. ‘हे यंत्र कसं चालवायचं?’ हा प्रश्न आजारी माणसाच्या अंगावर डोंगर लोटतो. ‘सर, मार्चच्या १४ तारखेच्या पानावर कॉलम नेहमीप्रमाणे धुतला असं आहे. कशाने आणि किती वेळ?’ याचं उत्तर ते डोळे मिटूनही देतात. त्यापुढचा उपयोगी प्रश्न: ‘हे बिघडणार असेल तर आधी कशावरून कळतं?’ वही कितीही चांगली असली तरी हे तिच्यात नसतं. पंपाचा आवाज, आलेखाच्या शेपटीचा आकार, नळीला हात लावल्यावर जाणवणारी थरथर अशा गोष्टी इथेच कळतात.

जाताना मोबाईलवर यंत्राचा आवाज, पॅनेलचे फोटो, शंका असलेले आलेख घेऊन जा. शक्य असेल तर सुटा नॉब किंवा रिकामी पिपेट स्वच्छ पुसून न्या. हाताला जे येतं ते शब्दांत सांगणं कठीण असतं, पण वस्तू बोटांत दिली की ‘इतकं, याच्यापुढे नाही’ हे ते दाखवतात. बोलणं रेकॉर्ड करायचं तर विचारून करा. निघताना पुढची भेट ठरवून टाकू नका, ‘तुम्हाला वाटेल तेव्हा व्हॉइस मेसेज टाका’ एवढंच सांगा. आणि खुर्चीचं पुढे काय होणार, कुणाची नेमणूक होणार, हे विषय या भेटीत काढायचेच नाहीत.

एक काम जवळून: चुंबकात हीलियम भरणं

अतिसंवाहक चुंबकाचं एनएमआर यंत्र (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना तपासणारं) हाती आलं असेल तर चुकीला जागा फार कमी आहे. चुंबकाची तार द्रव हीलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडलेली असते. पातळी किमान रेषेखाली गेली की तार तापते, चुंबकत्व कोसळतं आणि उरलेला हीलियम काही मिनिटांत वायू होऊन खोलीत येतो. असं झालं तर काहीही वाचवायला न थांबता बाहेर पडायचं.

आधी हिशोब. नोंदवहीतले गेल्या काही महिन्यांचे आकडे घेऊन रोजची घट काढा. समजा आज पातळी ६४ टक्के आहे, किमान ३० आहे आणि रोज ०.४ टक्के घटते, तर ३४ भागिले ०.४ म्हणजे ८५ दिवस हातात आहेत. हीलियम वेळेवर मिळेलच असं नसतं, म्हणून मागणी आजच नोंदवा आणि भरायची तारीख ५० ते ६० दिवसांच्या आतली धरा. घट अचानक वाढलेली दिसली तर इंजिनियरला कळवा, मागणीची वाट बघत बसू नका.

पहिली भराई पूर्वी केलेल्या माणसाबरोबरच करा. यात लोक चुकतात ते दोन जागी. पहिली जागा सुरुवातीची: नळी आधी थंड करावी लागते. तिचं एक टोक हीलियमच्या टाकीत ठेवून दुसरं हवेत धरतात. आधी गरम वायूचा सुस्कारा येतो, मग पांढरा धूर, आणि मग टोकाशी आखूड, दाट, निळसर-पांढरा झोत दिसतो. तो दिसल्यावरच नळी चुंबकात घालायची. गरम नळी घातली तर आत गरम वायू घुसतो आणि पातळी वाढायच्या ऐवजी चुंबकच कोसळू शकतो. टाकीतला दाब हलकाच ठेवायचा, ०.२ बारच्या आसपास, आणि पुस्तिकेतली मर्यादा ओलांडायची नाही.

दुसरी जागा शेवटची. भराई झाली, सगळे दमले, आणि निकासाचा एकमार्गी व्हॉल्व्ह परत बसवायचा राहिला. मग हवेतली वाफ आत जाऊन मानेत बर्फाचा बूच बसतो, वायूला वाट राहत नाही, दाब वाढत जातो. म्हणून कोणते व्हॉल्व्ह काढले आणि कोणते परत लावले याची यादी भिंतीवर ठेवा, दोघांनी मोठ्याने वाचून खुणा करा आणि तासाभराने परत येऊन बघा. चुंबकाच्या बाहेरच्या कप्प्यात नायट्रोजन भरताना तो सांडून वरच्या ओ-रिंगवर पडू देऊ नका, रबर गोठलं की आतली निर्वात पोकळी जाते. आणि पेसमेकर असलेल्या कुणालाही ५ गॉसच्या, म्हणजे चुंबकाभोवतीच्या सुरक्षा-हद्दीच्या, रेषेआत येऊ देऊ नका.

बाटल्या आणि पेशी

कपाटात ‘ब-२, जुनं’ अशी चिठ्ठी असलेल्या बाटल्या निघतात. हुंगू नका, झाकण फिरवून बघू नका. पिक्रिक आम्ल ओलं असेल तोवर ठीक, सुकलं की घर्षणानेही फुटतं. झाकणाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर बाटली जागेवरच ठेवून सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. इथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान उघडल्यावर काही महिन्यांत पेरॉक्साइड धरतात. उघडल्याची तारीख नसेल तर ती जुनीच समजा. सोडियम अ‍ॅझाइड असलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, तांब्या-शिशाच्या नळात त्याचे स्फोटक क्षार होतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल सापडलं आणि शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल नसेल, तर जेल येईपर्यंत त्या कपाटाला कुलूप.

गोठवलेल्या पेशींचा एक नियम: शेवटच्या कुपीला हात लावायचा नाही. एखाद्या वाणाच्या तीनच कुप्या उरल्या असतील तर एक काढा, ३७ अंशांच्या पाण्यात हलवत एक-दोन मिनिटांत वितळवा, बर्फाचा लहानसा कण उरला की बाहेर घ्या. तोंडावर ढाल हवीच, कारण द्रवात बुडालेल्या कुपीत नायट्रोजन शिरला असेल तर ती फुटते. पेशी वाढल्या की मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूची) तपासणी करा, मग १० टक्के डीएमएसओत (गोठताना पेशींना जपणाऱ्या द्रवात) मिनिटाला एक अंश या वेगाने गोठवून दहा नव्या कुप्या करा. नव्यातली एक वितळवून जगते हे बघितल्यावरच त्या वाणाला धोका टळला असं धरा.

पहिला स्वतःचा निकाल

नव्या नमुन्याने सुरुवात करू नका. सहकाऱ्याने मोजलेला, जपून ठेवलेला नमुना काढा आणि त्यांच्याच पद्धतीने पाच वेळा मोजा. त्यांच्या जुन्या आकड्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) काढून आलेख आखा. तुमचे आकडे दोन विचलनांच्या आत आले तर पुढे जा. दोन ते तीनच्या मध्ये असतील तर दुसऱ्या दिवशी परत करा. तिनाच्या बाहेर गेले तर थांबा. सगळे आकडे आतच, पण एकाच बाजूला पडत असतील तर त्याकडेही दुर्लक्ष करू नका, पिपेटचं कॅलिब्रेशन किंवा मानक द्रावण सरकलेलं असतं.

जुळत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी पाणी, मग पिपेट, मग रसायनाची खेप, मग थांबण्याची वेळ. पहिले तीन महिने पद्धतीत सुधारणा करू नका, ती कितीही योग्य वाटली तरी. तुमचा आणि त्यांचा आकडा जुळल्याशिवाय सुधारणेने काय बदललं हे सांगताच येत नाही.

कागद, नाव आणि परतीची वाट

संस्थेकडून तारखेनिशी लेखी आदेश घ्या: कोणत्या यंत्राची, कोणत्या साठ्याची, कोणत्या विद्यार्थ्यांची जबाबदारी तुमच्याकडे, आणि कोणती नाही. किरणोत्सर्गी पदार्थ, रोगजंतू, प्राण्यांवरचे प्रयोग यांचे परवाने बहुधा माणसाच्या नावावर असतात. नाव बदलून येईपर्यंत ते काम बंद ठेवा. आदेशात पद ‘प्रभारी’ असं लिहून घ्या. आजारी माणसाच्या घरी तो कागद पोहोचतो, आणि त्या एका शब्दाचा त्यांना आधार वाटतो.

लॉगबुकात आजपासून तुमची सही. त्यांच्या नावाने एकही नोंद नको. त्यांच्या डेटावर लेख व्हायचे असतील तर लेखकांची नावं आणि क्रम आताच, ते वाचून होकार देऊ शकतात तोवर, लेखी ठरवा. हे बोलणं अवघड असतं, पण उशीर झाला की ते कुणालाच करता येत नाही. विद्यार्थ्यांना आजाराचा तपशील तेवढाच सांगा जेवढा सांगायला कुटुंबाने हो म्हटलं आहे.

त्यांचं टेबल आवरू नका, दारावरची पाटी काढू नका. ते परत आले तर सुरुवातीला अर्धा दिवस येतील. नायट्रोजनची टाकी उचलणं, जंतूंचं किंवा बुरशीचं काम, किरणोत्सर्गी द्रव्यं यांबद्दल डॉक्टरांचं लेखी मत येईपर्यंत ही कामं तुमच्याकडेच राहू द्या, बाकी सगळं ते मागतील तसं त्यांच्याकडे जाऊ द्या.

आणि पहिल्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखून ठेवा: तारीख, काय बदललं, आधी काय होतं, पूर्वीसारखं करायचं असेल तर काय करायचं. अलार्मचे बदललेले नंबर हीच त्यातली पहिली नोंद.